बरव्याचा कागद

उन्हाळ्याचे चार महिने बहारीनचे पुरुष समुद्रावर असत. मोत्यांचा हंगाम. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर. होडीवरचा मुख्य माणूस म्हणजे नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच शब्द. पाणबुड्याला पगार नसे. हंगामाआधी घरखर्चाला उचल मिळे. हंगाम संपला की विकलेल्या मोत्यांच्या पैशांतून खर्च वजा होई, उरलेल्याचे वाटे पडत आणि पाणबुड्याच्या वाट्यातून ती उचल कापली जाई. बहुधा ती पुरती फिटत नसे, मग पुढच्या वर्षीची उचल तिच्यावर चढे. मोती मुंबईच्या बाजारात जात, बहारीनमध्ये चलन आपल्याच रुपयाचं होतं, त्यामुळे कर्जही रुपयांत मांडलेलं असे. मांडणारा अर्थातच नाखुदा. ज्याचं कर्ज, त्याला बहुधा वाचता येत नसे.

अशा पाणबुड्याला नाखुदा बदलावासा वाटला तर एक कागद लागे. त्याला म्हणत बरवा. जुन्या मराठीत बरवा म्हणजे चांगला, देखणा. इथे बरवा म्हणजे या माणसाकडून मला इतकं येणं आहे, असं जुन्या नाखुद्याने दिलेलं लेखी. नव्या नाखुद्याने ते येणं आपल्या अंगावर घेतलं की माणूस त्या होडीवरून या होडीवर येई. बरव्याशिवाय त्याला दुसऱ्या होडीवर जाता येत नसे. १९२० च्या दशकात शेख हमद बिन इसा यांच्या राज्यकारभारात ब्रिटिशांच्या रेट्याने सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याच्या नावाने वेगळी हिशेबवही ठेवायची, असा नियम झाला. नाखुद्यांना तो अजिबात रुचला नव्हता, आणि का रुचला नसेल हे कुठल्याही हिशेबनिसाला सांगावं लागणार नाही.

हे प्रकरण नको झालेल्या क्लायंटबद्दल आहे, मोत्यांबद्दल नाही. पण लहान कार्यालयात वर्षानुवर्षं चाललेली कटकटीची नाती पाहिली की मला तो बरवा आठवतो. ती नाती प्रेमाने टिकलेली नसतात, धाकानेही नसतात. दोघांमधला हिशेब कधी बसून मिटवलेला नसतो, म्हणून ती चालू राहतात. फी थकलेली, कागद इकडे अडकलेले, कामाची हद्द कुठेच लिहिलेली नाही. मग दोघेही म्हणतात, हे वर्ष काढू, पुढच्या वर्षी बघू.

*

मनामात दोन खोल्यांचं कार्यालय थाटून हिशेब आणि कराची कामं करणारी पुष्कळ माणसं भारतीय आहेत. आपल्या सीएंच्या संस्थेचा बहारीन चॅप्टरही आहे. या छोट्या कार्यालयांकडे नको असलेली गिऱ्हाइकं आली कुठून, त्याला बऱ्याच अंशी एक तारीख कारणीभूत आहे.

१ जानेवारी २०१९ पासून बहारीनमध्ये व्हॅट लागू झाला, दर ५ टक्के. नोंदणी टप्प्याटप्प्याने झाली. आधी वर्षाला ५० लाख दिनारांच्या वर उलाढाल असलेले, मग ५ लाखांच्या वरचे, आणि वर्ष संपता संपता ३७,५०० दिनारांच्या वरचे. ३७,५०० हा आकडा मोठा वाटतो, पण बाराने भागला तर महिन्याला ३,१२५ आणि दिवसाला शंभरएक दिनार होतात. म्हणजे मनामाच्या गुदैबिया भागातलं चहा-पराठ्याचं बऱ्यापैकी चालणारं कॅफेटेरियाही त्यात आलं. ज्या दुकानाचा हिशेब गल्ल्याशेजारच्या वहीत आणि मालकाच्या डोक्यात असे, त्याला आता कर-बिल, तिमाही रिटर्न, राष्ट्रीय महसूल ब्यूरोच्या पोर्टलवरचं खातं आणि दंडाची भीती, सगळं एकदम आलं. १ जानेवारी २०२२ पासून दर १० टक्के झाला आणि भीती दुप्पट झाली.

त्या दिवसांत कोणी क्लायंट निवडले नाहीत. दार उघडं होतं, जो आला त्याला आत घेतलं. ‘आपला माणूस आहे’, ‘आमच्या गावाकडचा आहे’, ‘अमक्यांनी पाठवलाय’ एवढ्यावर. कामाच्या अटींचं पत्र, म्हणजे ज्याला सगळे एंगेजमेंट लेटर म्हणतात ते, निम्म्यांना दिलंच नाही. ज्यांना दिलं त्यांतल्या अनेकांनी सही करून परत पाठवलं नाही, आणि आपण मागितलंही नाही. संबंध संपवण्याची पहिली अडचण तिथेच तयार झाली. ज्याची सुरुवात कागदावर नाही त्याचा शेवट कशाच्या आधारे करायचा?

*

नको असलेला क्लायंट म्हणजे वाईट माणूस नव्हे. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण आपण त्याला मनातल्या मनात वाईट ठरवण्यात फार वेळ घालवतो. तो ठरला की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि पत्र लिहिताना त्या रागाचा एखादा शब्द हमखास गळतो.

एक नमुना घेऊ. माणूस कल्पनेतला, पण ओळखीचा वाटेल. गुदैबियात छोटं उपाहारगृह. चालवणारा रत्नागिरीकडचा, तोंडाचा गोड. महिना ४० दिनार ठरलेत. आपण गृहीत धरलं की महिन्याला चार तासांचं काम, म्हणजे तासाला १० दिनार. प्रत्यक्षात बिलं प्लास्टिकच्या पिशवीतून येतात, काही तेलकट, काही व्हॉट्सॅपवर फोटो काढून, काही आलीच नाहीत. शुक्रवारी सकाळी फोन येतो: ‘साहेब, एकच मिनिट.’ सीआरच्या, म्हणजे व्यापारी नोंदणीच्या, नूतनीकरणाचं काय, मुलाच्या व्हिसाचं काय, बँकेने पत्र पाठवलंय ते जरा बघा. महिनाभराचे तास खरोखर मोजले तर चौदा भरतात. ४० भागिले १४, म्हणजे २ दिनार ८५७ फिल्स. तेही वेळेवर येत नाहीत. बेनिफिट पे ॲपवर ‘पाठवतो’ म्हणून तीन तिमाह्या गेल्या.

हा माणूस आपल्याला लुबाडत नाही. आपण त्याला मोजून न देता जे देत राहिलो, ते तो घेत राहिला. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि हिशेबाच्या धंद्यात त्या म्हणीचा आकडाही काढता येतो: महिन्याला दहा तास.

दुसरा प्रकार याहून अवघड. याची फी चोख येते, मोठी येते. पण विकलेल्या मालाची अर्धी बिलं खात्यात येऊ नयेत असं त्याचं म्हणणं असतं. तो ते स्पष्ट बोलत नाही. ‘तुम्ही समजून घ्या’ म्हणतो. लहान कार्यालयात अशा एकाच क्लायंटवर दोन कारकुनांचा पगार निघत असतो, म्हणून ‘समजून घेणं’ वर्षभर चालतं. माझ्या मते सोडायचा तर आधी हाच. पिशवीवाल्याने फक्त झोप जाते. याच्यापायी परवाना जाईल.

तिसऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आपण वाढलो, त्याचं काम लहानच राहिलं. त्याला आपल्याहून लहान, होतकरू माणूस शोधून द्यावा, आनंदाने जातो.

*

या देशात क्लायंट सोडणं मुंबई-पुण्यापेक्षा अवघड का, तर देश केवढा आहे ते पाहा. जवळपास ७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. मुहर्रकहून रिफ्फाला गाडीने अर्ध्या तासात पोहोचाल. बाहेर जायला एक विमानतळ आणि १९८६ साली खुला झालेला सौदीचा पूल. त्यात मराठी माणसं मूठभर. ज्याला मंगळवारी ‘यापुढे तुमचं काम करणार नाही’ म्हणालात, तो शुक्रवारी मनामाच्या जुन्या बाजारातल्या कृष्णमंदिरात पुढच्या रांगेत असतो. गणपतीत आरतीचं ताट त्याच्याच हातात असतं. तुमची आणि त्याची मुलगी एका वर्गात असते, त्याची बायको तुमच्या घरी ‘वहिनी’ म्हणून हक्काने येते.

म्हणून इथे बरेच जण काम सोडण्याऐवजी फी वाढवतात. चाळीसचे नव्वद करतात, आपोआप जाईल म्हणून. मला हा मार्ग भित्रा वाटतो, आणि धोक्याचाही, कारण कधीकधी तो नव्वद कबूल करतो. मग तुम्ही त्याला नव्वद दिनारांना बांधलेले, आणि आता त्याच्या तक्रारीला वजन आलेलं. दुसरा मार्ग म्हणजे फोन न उचलणं. तो भित्रा तर आहेच, वर नियमाबाहेरचाही आहे. ज्याचं काम हाती घेतलं त्याला न सांगता सोडणं कोणत्याच व्यवसायात चालत नाही. भारतातल्या वकिलांना बार कौन्सिलचा नियम आहे: पुरेसं कारण आणि वाजवी पूर्वसूचना असल्याशिवाय हाती घेतलेल्या प्रकरणातून बाहेर पडायचं नाही, आणि पडलात तर न केलेल्या कामाची फी परत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही हेच, शब्द वेगळे: कोणावर उपचार करायचे ते डॉक्टर ठरवू शकतो, पण एकदा हाती घेतलेल्या रुग्णाला पुरेशी सूचना न देता सोडू शकत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं २०६ वं कलम मुखत्याराला सांगतं की वाजवी सूचना न देता काम टाकलंस तर होणारं नुकसान भरून दे. बहारीनमधला करार बहारीनच्या कायद्याने चालतो, पण तत्त्व समुद्र ओलांडल्याने बदलत नाही.

*

तेव्हा प्रश्न ‘सोडू का’ यापेक्षा ‘कधी सोडू’ हा मोठा. लहान दुकानांचं रिटर्न बहुतेक तिमाही असतं, आणि ते पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचं असतं. जानेवारी ते मार्चचं ३० एप्रिलपर्यंत. २५ एप्रिलला राजीनामा देणारा हिशेबनीस म्हणजे भरसमुद्रात दोर सोडणारा गडी. दंड कराच्या ५ ते २५ टक्के बसू शकतो, तो क्लायंटला बसेल आणि तो तुमच्याकडे बोट दाखवेल. ते बरोबरच असेल.

याबाबतीत भारतातल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, एक चांगला धडा घालून दिला आहे. २०१८ च्या सुमारास शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांचे ऑडिटर वर्षाच्या मधेच, निकालाच्या तोंडावर राजीनामे देऊ लागले. गुंतवणूकदारांना कळेना, आत काय शिजतंय. १८ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने सेबीने सांगितलं: तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत राजीनामा देत असाल तर आधी त्या तिमाहीचा अहवाल द्या, ४५ दिवसांनंतर देत असाल तर पुढच्या तिमाहीचाही द्या, पहिल्या तीन तिमाह्यांचे अहवाल दिले असतील तर चौथी आणि वर्षाचं ऑडिट पुरं करूनच जा. गुदैबियाच्या उपाहारगृहाला हा नियम लागू नाही. पण त्यातली कल्पना उचलण्यासारखी आहे: जाणारा माणूस शिवणीवर जातो, कापडाच्या मधोमध नाही.

म्हणून आपलं पत्र तिमाही सुरू होताना द्यावं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिलं तर जानेवारी-मार्चचं रिटर्न आपण भरतो, एप्रिल-जूनचंही भरतो आणि ३१ जुलैला मोकळे होतो. पिशवीवाल्याला चार महिने मिळतात. तुम्हालाही मिळतात, दुसरं काम शोधायला. कारण ४० दिनार थोडे असले तरी ते होते.

आधी भेट, मग पत्र. भेट त्याच्या दुकानात नको, गिऱ्हाइकांसमोर तो मान खाली घालेल किंवा आवाज चढवेल. आपल्या कार्यालयात, चहा देऊन, दहा मिनिटं. ‘भाऊ, तुमच्या कामाला जितका वेळ द्यायला हवा तितका आमच्याकडे नाही. जुलैअखेरपर्यंत सगळं नीट करून देतो.’ एवढंच. तो विचारेल, ‘माझं काय चुकलं?’ इथे मोह होतो यादी वाचायचा. तेलकट बिलं, शुक्रवारचे फोन, तीन तिमाह्यांची उधारी. वाचू नका. यादी वाचली की तो प्रत्येक बाबीवर सुधारण्याचं वचन देईल, आणि तुम्ही ते मान्य कराल. फार तर म्हणा, ‘तुमचं चुकलं असं नाही, आमच्याकडून हे जमत नाही.’ ते खोटंही नाही.

पत्र त्याच दिवशी संध्याकाळी. एका पानाच्या आत. नमुना असा:

‘आपल्या व्यवसायाचे हिशेब व व्हॅटचे काम ३० जून रोजी संपणाऱ्या तिमाहीपर्यंत आम्ही करू. त्या तिमाहीचे रिटर्न भरल्यावर आमची नेमणूक संपेल. त्यानंतरच्या कोणत्याही मुदतीची जबाबदारी आमच्याकडे राहणार नाही. कृपया त्याआधी नवी व्यवस्था करावी. आपले कागद व नोंदी सोबतच्या यादीप्रमाणे परत देऊ. नव्या हिशेबनिसाने विचारलेली माहिती आपल्या लेखी संमतीने देऊ. आजअखेर येणे असलेली रक्कम सोबत दाखवली आहे.’

कारण लिहिलेलं नाही, विशेषण एकही नाही. मोठ्या कार्यालयांची पत्रंही अशीच कोरडी असतात. जून २०२३ मध्ये डेलॉइटने बायजूज या कंपनीचं ऑडिट सोडलं तेव्हा मार्च २०२२ अखेरच्या वर्षाचे हिशेब फार रखडलेत आणि ऑडिट सुरूच करता आलेलं नाही, असं कारण सांगितलं. बातम्यांनी त्यातून वादळ उठवलं, पत्रात ते नव्हतं. भारतात कंपनीच्या ऑडिटरला कारण सांगावंच लागतं, आपल्याला बहुधा नाही. ही सूट वापरावी.

*

आता कागदांची गोष्ट, आणि इथे पुन्हा नाखुदा येतो.

फी थकली की हातातली फाइल जड वाटू लागते. पैसे दे, फाइल घे. अनेकांना वाटतं हा आपला हक्क आहे. भोपाळमधल्या एका सहकारी बँकेच्या वकिलालाही तसंच वाटलं होतं. बँकेने काम काढून घेतलं, वकिलाने फी मागितली आणि फाइली अडवून ठेवल्या. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की फीसाठी वकिलाला अशिलाच्या कागदांवर ताबा सांगता येत नाही. फाइल म्हणजे गहाण ठेवलेला माल नव्हे. फी हवी असेल तर त्यासाठी वेगळा मार्ग आहे, आणि फाइल अडवणं हे व्यावसायिक गैरवर्तन. हा निकाल भारतातला आणि वकिलांचा, पण त्यामागचा विचार मला हिशेबनिसासाठीही पटतो. दुसऱ्याचा हिशेब आपल्या मुठीत ठेवून त्याला जाऊ न देणं हे नाखुद्याचं काम होतं. ते बंद करायला वह्यांचा कायदा करावा लागला.

मात्र बरव्याची दुसरी बाजू आपल्या व्यवसायात अजून जिवंत आहे, आणि ती रास्त आहे. भारतातल्या सीएने दुसऱ्याकडचं ऑडिट घेण्याआधी जुन्या सीएला लेखी कळवलंच पाहिजे; न कळवणं १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार गैरवर्तन ठरतं. शिवाय जुन्या ऑडिटरची वाद नसलेली फी बाकी असताना नव्याने ते ऑडिट स्वीकारू नये, असा संस्थेचा नियम आहे, आजारी उद्योग वगळून. जुन्या होडीचं येणं मिटल्याशिवाय नव्या होडीवर पाय ठेवता येत नाही, तोच हा बरवा. फरक एवढाच की आता वही दोघांनाही वाचता येते.

पिशवीवाल्याची तीन तिमाह्यांची उधारी म्हणजे ३६० दिनार. वसूल करायचे का? एकदा लेखी मागा, एकदा फोन करा, आणि नाही आले तर सोडा. ३६० दिनारांसाठी मनामाच्या कोर्टात जाणारा माणूस अजून चार तिमाह्या त्याच क्लायंटबरोबर काढणार आहे, फक्त वेगळ्या इमारतीत. ३,६०० असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

परत द्यायच्या वस्तूंची यादी करताना माणसं बिलं आणि वह्या आठवतात, बाकीचं विसरतात. महसूल ब्यूरोच्या पोर्टलचं लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे? पुष्कळदा आपल्याच कारकुनाच्या. ते आधी क्लायंटच्या नावावर करा. सीआरच्या कामासाठी दिलेला अधिकार काढून घ्यायला सांगा. कंपनीचा शिक्का आपल्या ड्रॉवरमध्ये असतो, सही केलेले कोरे चेकही सापडतात. (असू नयेत. पण सापडतात.) कामगारांच्या सीपीआर ओळखपत्रांचे फोटो व्हॉट्सॅपवर पडलेले असतात, बहारीनचा २०१८ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१९ च्या ऑगस्टपासून लागू आहे, तेव्हा जे ठेवायचं कारण नाही ते पुसून टाका. प्रत्येक वस्तूसमोर त्याची सही. एक प्रत त्याला, एक आपल्याला.

*

एका क्लायंटला मात्र वर सांगितलेलं काहीच लागू नाही. पैसा कुठून येतो ते कळत नाही, सोन्याची खरेदी-विक्री कागदावर जुळते पण डोक्यात जुळत नाही, ज्याच्या नावावर सीआर आहे तो माणूस कधी दिसत नाही. बहारीनमध्ये मनी लाँडरिंगविरुद्धचा कायदा २००१ पासून आहे, आणि ऑडिटर व सोन्याचे व्यापारी दोघेही त्याच्या कक्षेत येतात. संशय आला तर कळवावं लागतं, आणि कळवलंय हे क्लायंटला कळता कामा नये. म्हणजे चहा, भेट, ‘भाऊ’ सगळं बंद. घाईने राजीनामा देणंही कधीकधी इशारा ठरतं. आधी वकिलाला विचारा, मग तारीख ठरवा. आणि इथे ती कारण न लिहिण्याची सवय कामी येते: तुमची सगळीच पत्रं बिनकारणाची असतील, तर हे एक पत्र वेगळं दिसत नाही.

*

ऑगस्ट संपता संपता नव्या हिशेबनिसाचा फोन येतो. तिमाहीची सुरुवातीची शिल्लक जुळत नाही, अमुक बिलावरचा व्हॅट परत घेतला होता का. आपल्याला वाटतं, आता आपला काय संबंध. संमतीचं पत्र फाइलीत आहे का ते पाहून त्याच दिवशी उत्तर द्यावं, पाच मिनिटांचं काम असतं. मग ती फाइल वरच्या फळीवर जाते. कराचे कागद ५ वर्षं ठेवावे लागतात, म्हणून पाठीवर जाड मार्करने दोनच गोष्टी लिहायच्या: दुकानाचं नाव, आणि कोणत्या तारखेनंतर फाडायची ती तारीख.